मदत हवी आहे: जादा पैसे आधी कुठल्या कर्जात भरावेत?

नमस्कार मंडळी. घरावर सध्या गृहकर्ज, गाडीचं कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे. हप्ते वेळेवर जातात. आता दरमहा थोडी रक्कम हातात उरते आणि ती कुठे घालायची यावरून घरात दोन पक्ष पडलेत.

माझं मत, आधी कार्ड. महिन्याला 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातात. नुसती किमान रक्कम भरत राहिलं तर मुद्दल जेमतेम हलतं. यांचं म्हणणं, गाडीचं थोडंच उरलंय, ते संपवू. एक हप्ता कायमचा सुटला की हुरूप येतो. हिशेब माझ्या बाजूने आहे, पण हुरूपाचं काय, ते मला खोडता येत नाही! कुणी असं करून पाहिलंय का?

पुढे गृहकर्जात जादा भरणा केला तर हप्ता कमी करून घ्यावा की मुदत? मुदत घटवली की व्याज जास्त वाचतं, हे कळतं. पण हप्ता कमी असला की अडीअडचणीला हात मोकळा राहतो.

बाकी घरात मजेत चाललंय. संध्याकाळी पत्त्यांचा डाव रंगतो, कुंड्यांतल्या वेलाची उंची धाकटी रोज फुटपट्टीने मोजून वहीत लिहिते. काटकसरीपायी हे आटू द्यायचं नाही. मुलांना कर्जाबद्दल तुम्ही कितपत सांगता?