मदत हवी आहे : पार्किंगमधून आणलेली ढगी आणि घरची दोन मांजरं

पारिजात

नमस्कार. बाहेरचं मोठं मांजर घरात आणून आधीच्या मांजरांबरोबर रुळवलंय अशा सगळ्यांची मदत हवी आहे. पोस्ट लांबली आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

डोंबिवलीत आमचा वन बीएचके. मी, नवरा आणि सासूबाई. घरची मांजरं दोन. चिंगी सात वर्षांची, भोपळ्या चार वर्षांचा बोका. दोघांची नसबंदी झालेली, लसी वेळेवर. भोपळ्या आला तेव्हा दीड महिन्याचं पिल्लू होता आणि चिंगीने आठवड्याभरात त्याला चाटायला घेतलं होतं. या वेळीही तसंच होईल असं मी धरून चालले.

अकरा दिवसांपूर्वी रात्री धो धो पाऊस पडत होता, पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. एका स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेवर ही अंग चोरून बसलेली. काळी-पांढरी, मागचा एक पाय उचलून चालणारी. नाव ढगी ठेवलं. दुसऱ्या दिवशी व्हेटकडे नेलं. दातांवरून आठ-नऊ महिन्यांची असेल म्हणाले. हाड मोडलेलं नाही, जखम होती ती साफ केली. पिसवांसाठी मानेवर सोडायचं औषध, जंतांचं औषध झालं. ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंची तपासणी केली, दोन्ही निगेटिव्ह. जखम भरली की ट्रायकॅट या मांजरांच्या लसीचा पहिला डोस.

तिला बेडरूममध्ये ठेवली, दार बंद. जेवताना ती पुढचा एक पाय वाटीत ठेवते. कुणी वाटी ओढून नेईल म्हणून असेल. मला ते बघवत नाही. चौथ्या दिवशी ती माझ्या मांडीवर येऊन बसली, तेव्हा मला वाटलं झालं, आता ओळख करून देऊ. उचलून हॉलमध्ये आणून ठेवली. पुढे काय झालं ते पाच सेकंदांचं काम होतं. भोपळ्याने कान पाडले, ढगी फिस्कारली, भोपळ्या तिच्या अंगावर गेला, ती टीव्हीमागे घुसली. सोडवताना नवऱ्याच्या मनगटाला ओरखडे आले, तो इंजेक्शन घेऊन आला आहे.

तेव्हापासून ढगी परत बेडरूममध्ये. पण घराचं स्वास्थ्य गेलं आहे. चिंगी दिवसभर स्वयंपाकघरातल्या कपाटावर असते, फक्त रात्री उतरते. भोपळ्या बेडरूमच्या दारासमोर बसून राहतो, दाराखालच्या फटीतून दोघं एकमेकांवर फिस्कारतात. कालपासून तो लिटरमध्ये (शू-शीच्या वाळूच्या घमेल्यात) सारखा जाऊन बसतोय, बाथरूमच्या जाळीवरही दोनदा बसला. सासूबाई म्हणतात, नवी आली म्हणून आपली जागा दाखवतोय. आज एक कोपरा ओला वाटला म्हणून त्यांनी सगळीकडे फिनाईल मारलं.

शेजारचे म्हणतात, पाय बरा झाला की खाली सोडून द्या. मला ते नको आहे. वन बीएचकेमध्ये तीन मांजरं राहू शकतात का? ओळख परत कशी सुरू करू? आणि भोपळ्याचा राग कसा कमी होईल?

खिडकीतली_मनी

पारिजात, बाकीचं सगळं बाजूला ठेवा. भोपळ्या लिटरमध्ये बसतो तेव्हा शू होते का? किती होते? लिटरमध्ये ओला गोळा दिसतो का? बसून जोर करतो, ओरडतो, खालची जागा सारखी चाटतो, यातलं काही आहे का?

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. ताणामुळे मूत्राशय सुजतं आणि मग बारीक खडे किंवा चिकट गुठळी अडकून शू पूर्ण बंद होऊ शकते. बंद झाली तर रक्तात पोटॅशियम वाढतं आणि ते हृदयावर येतं. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. शू होत नसेल तर उद्याची वाट बघू नका, आत्ता रात्रीच जा. पोट दाबून बघू नका, कुठलंही माणसाचं वेदनाशामक देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारते.

सह्याद्री_मांजर

वरच्या प्रतिसादाला माझंही अनुमोदन. माझा बोका याच कारणाने गेला. आम्हाला वाटलं होतं बद्धकोष्ठ आहे. धागा वाचताय तर आधी लिटर बघून या.

पारिजात

लिटर बघितलं. सकाळी साफ केल्यापासून एकही गोळा नाही. तो आता तिसऱ्यांदा बसलाय आणि बारीक आवाज काढतोय. निघतोय आम्ही.

पारिजात

दोन दिवसांनी लिहिते आहे. भोपळ्या वाचला.

रात्री उघडा असलेला दवाखाना शोधेपर्यंत साडेअकरा झाले. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाल्या, संत्र्याएवढं मूत्राशय झालंय, कडक. भूल देऊन नळी घातली. पहिली शू लालसर आली. नळी दोन दिवस ठेवली, सलाईन चालू होतं, आज दुपारी काढली आणि संध्याकाळी त्याने स्वतःहून शू केली. परत होऊ शकतं, लक्ष ठेवा म्हणाल्या. उद्या घरी सोडणार आहेत.

खिडकीतली_मनी ताई, तुम्ही ते विचारलं नसतं तर मी रागाचे उपाय शोधत बसले असते. मला या धाग्यात ढगीबद्दल विचारायचं होतं. भोपळ्याबद्दल मी एक ओळ सहज लिहून गेले होते.

खिडकीतली_मनी

वाचून जिवात जीव आला. आता एक विचारते. तुमचं लिटर नेमकं कुठे आहे?

पारिजात

बेडरूम आणि बाथरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये. दोन आहेत, शेजारी शेजारी. ढगीचं वेगळं, आत.

खिडकीतली_मनी

म्हणजे बेडरूमच्या दारापासून हातभर अंतरावर. मला तीच शंका होती. भोपळ्या त्या दारासमोर बसतो म्हणून तुम्हाला तो पहारा देतोय असं वाटलं. पण त्याला शू करायला जायचं तर फटीतून फिस्कारणाऱ्या मांजराकडे पाठ करून, खड्ड्यात बसावं लागतं. मांजर अशा वेळी धरून ठेवतं. चिंगीचंही तेच. ती रात्रीच का उतरते? बहुधा त्या वेळी ढगी शांत असते म्हणून. ताणाचं एवढंच कारण असेल असं नाही, पण हे आज बदलता येतं.

एक लिटर हॉलच्या कोपऱ्यात न्या, एक स्वयंपाकघराच्या बाल्कनीत पाऊस लागणार नाही अशा जागी. मांजरांपेक्षा एक जास्त असं म्हणतात, म्हणजे तुम्हाला चार. पण चार घमेली एका ओळीत मांडली तर मांजराच्या लेखी ती एकच जागा. जागा नसेल तर तीन चालतील, फक्त एकमेकांपासून लांब हवीत. पाण्याच्या वाट्याही तशाच वेगवेगळ्या ठिकाणी.

आणि फिनाईल आजच घराबाहेर काढा. मांजराच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही, पंजाला लागलेलं ते चाटतं. डेटॉलचंही तेच. शू झालेली जागा साबणाच्या पाण्याने, मग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा.

तीन_शेपट्या

वन बीएचकेबद्दल सांगतो. आमच्याकडे वन आरकेमध्ये तीन आहेत. जमिनीवर जागा नसते, भिंतीवर असते. चिंगी कपाटावर बसते ते चांगलं आहे, तिला खाली ओढू नका. फक्त तिथून उतरायला दोन वाटा करून द्या, एका बाजूने फ्रीज, दुसऱ्या बाजूने फळी. एकच वाट असेल आणि खाली कुणी बसलेलं असेल तर ती वर अडकते.

ढगीसाठी दोन आठवडे पूर्ण वेगळं राहणं तसंही हवंच होतं. पॅनल्यूकोपेनियासारखा संसर्गजन्य आजार आत असेल तर एवढ्या दिवसांत दिसायला लागतो. आणि ल्युकेमिया-एफआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली तरी अगदी नुकतीच लागण असेल तर ती लगेच दिसत नाही, दोनेक महिन्यांनी परत करा.

आता ओळख. दाराखालची फट जुन्या टॉवेलने बंद करा. बघणं सगळ्यात शेवटी. आधी वास. ढगीच्या गालावरून, मिशांच्या मागे, एक सुती मोजा फिरवा आणि तो चिंगी-भोपळ्याच्या जेवणाच्या वाटीपासून चार हातांवर ठेवा. फिस्कारले तर अजून लांब. त्यांचा मोजा ढगीकडे. मग रोज अर्धा तास खोल्यांची अदलाबदल, ती हॉलमध्ये आणि हे दोघे बेडरूममध्ये, एकमेकांना न दिसता. मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. त्यानंतर जाळी. आमच्या सुताराने लाकडी चौकटीला बारीक तारेची जाळी मारून दिली, दाराच्या चौकटीत अडकवता येते. मच्छरदाणीची जाळी नको, एका पंजात फाटते.

प्रत्येक पायरीवर तिघंही नेहमीसारखं जेवली तरच पुढची. दिवस मोजू नका. आम्हाला सात आठवडे लागले होते.

पारिजात

एक विचित्र गोष्ट झाली. भोपळ्याला घरी आणलं आणि चिंगीच त्याच्यावर फिस्कारली. त्याच्यावर! शेपूट बाटली साफ करायच्या ब्रशसारखी फुललेली. तो बिचारा थकलेला, तिच्याकडे जायला बघत होता. मला रडू आलं. आता यांचंही बिनसलं का?

सह्याद्री_मांजर

नाही. त्याला दवाखान्याचा वास येतोय. चिंगीने ओळखायचा तो भोपळ्याचा वास, आणि तोच गेलाय. त्याला रात्रभर वेगळं ठेवा, ढगीजवळ नाही, हॉलमध्ये. चिंगी ज्यावर झोपते ती चादर त्याच्याखाली घाला, तो स्वतःला चाटून घेईल. दुसऱ्या दिवशी बघा. आंघोळ मात्र घालू नका.

पारिजात

तसंच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चिंगी कपाटावरून उतरली, त्याचं शेपटीखालचं हुंगलं, मग कान चाटला. सासूबाई त्या दोघांसमोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. फिनाईलची बाटली त्यांनीच खाली नेऊन दिली.

लिटर हलवल्याला नऊ दिवस झाले. भोपळ्या हॉलमधलं वापरतो, दिवसातून तीनदा गोळे दिसतात. मी वहीत लिहून ठेवते आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला कोरड्याऐवजी ओलं खाणं चालू केलंय, वरून दोन चमचे कोमट पाणी. चिंगी आता दिवसा उतरते. पॅसेजमधून जाताना थांबत नाही.

मोज्याचं काम चालू आहे. पहिल्या दिवशी भोपळ्या मोज्यावर गुरगुरला. पाचव्या दिवशी मोज्यावर बसून जेवला. खोल्यांची अदलाबदल सुरू केल्यावर ढगीने हॉलभर प्रत्येक खुर्चीच्या पायाला गाल घासला आणि सोफ्याखाली जाऊन झोपली. आत भोपळ्या तिच्या खोक्यात झोपला. काल बंद दाराच्या दोन बाजूंना वाट्या ठेवल्या, दारापासून पाच फुटांवर. तिघांनी संपवलं. फिस्कारणं नाही.

सुताराला मी फोन करणार होते, पण नवऱ्याने स्वतःच चौकट केली. जाळी लावून ती उभी आहे, वर चादर टाकलेली. चादर कधी काढू?

तीन_शेपट्या

वाट्या दाराला लागेपर्यंत थांबा. मग चादर खालून वीतभर उचला, फक्त पाय दिसतील एवढी, आणि तेही जेवतानाच. टक लावून, अंग न हलवता बघायला लागले तर मध्ये पुठ्ठा सरकवा. हात कधीच नाही. मांजरं एकमेकांवरून नजर काढून वाटीकडे वळली तर काम झालं समजा. एकमेकांना चाटतीलच अशी अपेक्षा ठेवू नका. माझी दोन चाटतात, तिसरी नऊ वर्षं त्यांच्यापासून चार फुटांवर झोपते आणि सुखात आहे.

कोकणची_भाटी

ढगीची नसबंदी झाली आहे का? आठ-नऊ महिन्यांची म्हणजे कधीही माजावर येईल. मग ती ओरडेल, बाहेरचे बोके खिडकीशी येतील, आणि तुमची आत्ता बसलेली घडी मोडेल. आधी तेवढं उरका.

पारिजात

झालेली नाही. ट्रायकॅटचा पहिला डोस परवा दिला, ऑपरेशन तीन आठवड्यांनी ठरलंय. तोपर्यंत जाळीच्या पुढे जात नाही.

चादर काल वीतभर उचलली. पलीकडून ढगीचे दोन पांढरे पाय आणि वाटी दिसत होती. भोपळ्याने एकदा मान खाली घालून बघितलं आणि परत खायला लागला. ढगीचे दोन्ही पाय वाटीबाहेर होते, जमिनीवर. मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं.

ऑपरेशनच्या दिवशी पिंजऱ्यात तिच्याबरोबर घरचा टॉवेल देणार आहे. आठवडाभर चिंगी आणि भोपळ्या त्यावर झोपलेत. एक शेवटचं सांगा, टाके चाटू नयेत म्हणून ती गळ्यात शंकूसारखी कॉलर घालून येईल. वास तर बदलेलच, पण कॉलरमुळे ती त्यांना वेगळीच दिसेल. तेवढे दहा दिवस जाळीसुद्धा झाकून ठेवायची का?

सह्याद्री_मांजर

झाकून ठेवा. जेवण बंद दाराच्या दोन बाजूंना चालू राहू दे, कॉलर निघाली की परत खालून वीतभर. आणि कापडी अंगी मिळते टाके झाकणारी, डॉक्टरांना विचारून कॉलरऐवजी तीच घाला. भोपळ्याची वही चालू ठेवा, त्या दिवसांत विशेष.