अनुभव धागा: कानाचं मशीन घेताना नेमकं काय बघायचं?

कानाचं मशीन घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "कुठल्या कंपनीचं घ्यायचं?" खरं तर तो शेवटी विचारायचा प्रश्न. तपासणी कशी झाली, मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला, कानात बसणारा भाग) कसा बसला, सेटिंग कुणी आणि कशावरून केलं, यावर सगळा खेळ आहे. कपाटात पडून राहिलेली बरीच मशीनं बिघडलेली नसतात, नीट बसवलेली नसतात. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी आणि रोज मशीन लावणाऱ्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत. आकडे, सुट्या भागांची नावं, बिघाड आणि त्यांची कारणं हवीत.

खर्जषड्ज

आधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. आडव्या अक्षावर २५० ते ८००० हर्ट्झ: डावीकडे खर्ज, उजवीकडे बारीक आवाज. उभ्या अक्षावर डेसिबल, आणि आलेख जितका खाली तितकं ऐकणं कमी. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. या खुणा हवेतून ऐकण्याच्या. कानामागच्या हाडावर कंपक ठेवून घेतलेल्या मापाच्या खुणा वेगळ्या असतात, कंसासारख्या.

या दोन मापांत १० डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल तर दोष आवाज आत पोचण्याच्या वाटेवर आहे: मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे साचलेलं पाणी, ओटोस्क्लेरोसिस (कानातलं छोटं हाड जखडण्याचा आजार). इथे आधी ईएनटी, मशीनचा विचार नंतर. दोन्ही मापं हातात हात घालून खाली उतरत असतील तर दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा. वयोमानाने येणारं बहिरेपण बहुतेक याच प्रकारचं. त्यावर गोळ्या-औषधं नाहीत, मशीन आहे.

"डॉक्टरांनी पन्नास टक्के सांगितलंय" असं लोक म्हणतात, तेव्हा रिपोर्टवर ५० डेसिबल लिहिलेलं असतं. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गवारीत २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र. आपल्याकडे बऱ्याच रिपोर्टांवर अजून जुनी वर्गवारी असते, म्हणून शब्दापेक्षा आकडा बघा.

आणि सरासरीने फसू नका. ५०० हर्ट्झला २० आणि ४००० हर्ट्झला ७० डेसिबल असेल तर स्वर स्वच्छ ऐकू येतात, पण स, श, च, त, फ गळतात. मग 'साठ' चं 'आठ' होतं. "ऐकू येतं, पण कळत नाही" ही तक्रार इथून येते. घरचे म्हणतात, हवं तेवढंच ऐकू येतं यांना! त्यात कुणाचा लबाडपणा नसतो, आलेखाचा उतार असतो.

एक अपवाद सगळ्यांनी लक्षात ठेवा. तीन दिवसांच्या आत एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून तेल टाकत बसू नका. त्याच दिवशी ईएनटी गाठा. स्टिरॉइडचा उपयोग लवकर सुरू केला तरच, पहिल्या दोन आठवड्यांत.

पडदानशीन

वरच्यात भर. दुकानातली फुकट तपासणी बऱ्याचदा फक्त हवेतून ऐकण्याची असते, तीही पंख्याच्या आवाजात. तपासणी ध्वनिरोधक खोलीत व्हावी, त्याआधी कानात डोकावून मळ बघावा. दोन कानांत ४० डेसिबल किंवा त्याहून जास्त फरक असेल तर तपासताना चांगल्या कानात खरखर सोडावी लागते. ती सोडली नाही तर चांगला कान वाईट कानाची परीक्षा लिहून मोकळा होतो.

शब्दांची चाचणी मागून घ्या. सोयीच्या मोठेपणाने शब्द ऐकवून किती बरोबर परत म्हटले ते मोजतात. शंभरातले ४० आले तर मशीन आवाज वाढवेल, स्पष्टता पूर्ण देणार नाही. हे विकण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) असावी. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला?

मशीनचा प्रकार कुठला, याचं उत्तर आलेखाइतकंच बोटांवर अवलंबून आहे. पूर्ण आत बसणाऱ्या मशीनला १० नंबरचा सेल लागतो, व्यास जेमतेम ५.८ मिलिमीटर. हात थरथरत असतील, मोतीबिंदू असेल तर तो रोज सतरंजीवर शोधावा लागेल. कानामागच्या मशीनचा १३ नंबर (७.९ मिमी) किंवा ६७५ (११.६ मिमी) बरा. किंवा सरळ चार्जिंगचं घ्या. बारीक वायरीचं, स्पीकर कानात जाणारं मशीन सौम्य ते मध्यम दोषाला उत्तम, पण त्याच्या टोकाचा मळ-फिल्टर बदलता आला पाहिजे. "मशीन बंद पडलं" म्हणून येणाऱ्यांत तो फिल्टर बुजलेलाच जास्त सापडतो. कान वाहतो त्यांनी कान बंद करणारं काहीही घालू नये. त्यांना हाडातून ऐकवणारं मशीन असतं.

चॅनेलच्या (आवाज किती पट्ट्यांत वेगवेगळा वाढवता येतो त्या) आकड्यामागे धावू नका. घरात दोन-तीन माणसांशी बोलणं, फोन, टीव्ही एवढंच असेल तर मधल्या श्रेणीचं पुरतं. कानांत फार फरक नसेल, तर एका महागड्यापेक्षा दोन साधी केव्हाही बरी, कारण आवाजाची दिशा आणि गोंगाटातलं बोलणं दोन कानांनी कळतं.

शिट्टीबंद

मोल्डबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. माप घेताना आधी कानाच्या दुसऱ्या वळणापलीकडे दोरा बांधलेला कापूस किंवा फोमचा बोळा बसवतात, मग सिलिकॉन भरतात. बोळा अलीकडे बसला तर मोल्ड आखूड होतो आणि जन्मभर शिट्टी मारतो. माप सुकेपर्यंत जबडा हलवायला, बोलायला सांगायला हवं. जेवताना कान उघड-मीट होतो, ते मापात यावं लागतं.

शिट्टी कुठून येते ते घरी शोधता येतं. मशीन चालू ठेवून मोल्डचं टोक बोटाने घट्ट दाबा. शिट्टी थांबली तर मशीन ठीक, मोल्ड कानात सैल आहे किंवा समोर मळ आहे. थांबली नाही तर नळी काढून मशीनच्या आकड्याचं (कानावर अडकणाऱ्या हुकाचं) भोक दाबा. आता थांबली तर नळी चिरलीय, तरीही चालू राहिली तर दोष आकड्यात किंवा आत. नळी पिवळी आणि कडक झाली की बदलायची, साधारण तीन ते सहा महिन्यांनी. किंमत किरकोळ.

स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो? ५०० हर्ट्झखाली ऐकणं चांगलं असताना कान पूर्ण बुजवला की हे होतं. मोल्डमधलं हवेचं भोक मोठं करा किंवा उघडा डोम (भोकं असलेली मऊ टोपी) लावा. सर्रास आवाज कमी करून देतात, तो इलाज नव्हे.

गुंजारव

सेटिंग. कॉम्प्युटरला जोडून "आता कसं वाटतंय?" विचारणं म्हणजे सेटिंग नाही. सॉफ्टवेअरचं पहिलं सेटिंग सरासरी कानासाठी असतं, बारीक आवाजांना बहुधा कमीच पडतं. खरं माप असं: केसासारखी बारीक सिलिकॉन नळी कानाच्या पडद्यापासून ५-६ मिलिमीटरवर ठेवायची, मशीन लावायचं, मग हळू, मध्यम (६५ डेसिबल) आणि मोठ्या आवाजातलं बोलणं ऐकवून कानात प्रत्यक्ष किती पोचलं ते कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बघायचं. ऑडिओग्रामवरून ठरलेल्या लक्ष्यरेषेपासून ५ डेसिबलच्या आत आणायचं. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. हे यंत्र आहे का, हे फोनवरच विचारा.

पहिले काही दिवस घरात दोन-चार तास, दोन-तीन आठवड्यांत दिवसभर. दुसऱ्या भेटीला तक्रारी लिहून न्या, "नीट नाही" म्हणून भागत नाही. स्टीलची भांडी, कुकरची शिट्टी टोचते म्हटलं तर कमाल आवाजाची मर्यादा खाली आणतात. मुलांचं बोलणं कळत नाही म्हटलं तर २००० हर्ट्झच्या वरचा भाग वाढवतात. हॉटेलात काहीच कळत नाही, त्यावर समोरचंच ऐकणारा माइक. मशीनमध्ये वापराचे तास नोंदले जातात, तेव्हा "रोज लावतो" ही थाप चालत नाही.

ऑनलाइन हजार-दोन हजाराला मिळतात ते नुसते आवाज वाढवणारे डबे. सगळे आवाज सारखे वाढवतात आणि वरची मर्यादा तुमच्या कानाप्रमाणे बांधलेली नसते.

कोकणवारा

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पावसाळ्यात निम्मे बिघाड ओलीचे. रात्री सेल काढा, सेलचं दार उघडं ठेवा आणि मशीन सिलिका जेलच्या डबीत. निळे दाणे गुलाबी झाले की संपले, तापवून परत निळे करायचे. हेअर ड्रायर नको. नळीत पाण्याचा थेंब दिसला तर नळी मशीनपासून सोडवून रबरी पंपाने फुंकायची, तोंडाने नाही, तोंडाची वाफही ओलीच.

सेल झिंक-एअरचा, स्टिकर काढला की हवा घेऊन जागा होतो. काढल्यावर लगेच दार लावू नका, दोनेक मिनिटं उघडा ठेवा. स्टिकर परत चिकटवून काही वाचत नाही. डोक्याला तेल लावलं की मशीन लगेच नको, माइकची भोकं बुजतात.

फाइलवाली

पैशांचं. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा. दिव्यांगत्वासाठी २०१६च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल म्हणजे ऐकण्यात अडचण, ७०च्या वर बधिर. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर केंद्राच्या एडिप (दिव्यांगांना साधनं देणाऱ्या) योजनेत, मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास मशीन मोफत, ३०,०००पर्यंत निम्म्या किमतीत. टक्केवारीचं सूत्र वेगळं असतं, ती ऑडिओग्रामवरून घरी काढू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तपासणी आणि मशीन दोन्हीसाठी. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यात डिजिटल मशीन येत नाही, पण मोल्ड, नळ्या आणि वर्षाचे सेल निघतात.

खासगीत घेताना बिलावर दोन्ही मशीनचे सिरीयल नंबर, वॉरंटीची तारीख, सेटिंगच्या किती भेटी किमतीत धरल्यात आणि परत करायची मुदत किती, हे लिहून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.