पाड्यावरच्या आशाताईने नर्सिंग शाळेत का शिकवू नये?

सबसेंटरवाली: नंदुरबारमधल्या धडगावकडे उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका आहे. मूळची लातूरची. पहिलं वर्षभर पावरी, म्हणजे इथली आदिवासी बोली, ओ की ठो कळत नव्हती. बाळंतीण कुठे दुखतंय सांगायची, आशाताई मला मराठीत सांगायची. म्हणजे नर्स मी आणि कान तिचे. पगार मला, तिला कामागणिक मोबदला. माझं म्हणणं असं की अशा बायकांना एएनएमला धाडा, मग जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, आणि शेवटी कम्युनिटी हेल्थ शिकवायला बसवा. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी पाडा पाहिला होता तो फील्ड व्हिजिटच्या बसमधून.

ट्यूटरबाई: बसचा टोमणा पोचला, त्यात मीही होते. पण हिशेब करा. आशा बहुतेक आठवी-दहावी झालेली. आधी बारावी, मग एएनएम 2 वर्षं, जीएनएम 3, ट्यूटर व्हायचं तर पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतरची पदवी, आणखी 2. घर, पोरं, शेत टाकून कोण येणार? आणि झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट किती द्यायचं, हे पावरी येते म्हणून कळत नाही.

खर्डा_घाट: आमच्या जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये काम सुरू केलं. गावागावांतून निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित. ज्या घरात त्यांना पूर्वी उंबऱ्याबाहेर उभं करायचे, तिथेच बाळंतपणाला बोलावणं येऊ लागलं. पुढे परदेशातून शिकायला येणाऱ्या डॉक्टर-नर्सेसना याच बायकांनी शिकवलं. तेव्हा पोस्ट बेसिक कुणी विचारलं नाही.

ट्यूटरबाई: शिकवलं, मान्य. पण त्या कुणाला नर्स म्हणून नोंदणी मिळवून देत नव्हत्या. माझ्या हाताखालून गेलेली मुलगी उद्या एकटी प्रसूती करणार आहे. तिची चूक झाली तर लोक आशाताईला नाही, मला धरतील.

ब्रदर_नांदेडकर: सगळी चर्चा बायकांचीच! एम्सच्या नर्सभरतीत 2019 पासून 80 टक्के जागा त्यांना, आम्हाला 20. एएनएमचं तर दारच बंद. क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडून पारावर पत्ते खेळत बसलेल्या बाप्याला कोण समजावणार?

सबसेंटरवाली: त्याला आरोग्य सेवक आहे की. आमच्याकडे ते पद रिकामं, म्हणून पारावरही मीच जाते, ते सोडा. पण दादा, बाळंतीण तुमच्यापाशी बोलेल का?

ब्रदर_नांदेडकर: वॉर्डात बोलतात. डॉक्टर बाप्या चालतो, नर्स बाप्या चालत नाही, हे कुठलं गणित? आणि शिकवायला तर बाळंतिणीची परवानगी लागत नाही ना!

खर्डा_घाट: हे मात्र बरोबर.

ट्यूटरबाई: बरं, मधला रस्ता सांगते. औषधं, डोस, प्रसूती आम्ही शिकवू. घरभेट कशी करायची, सासूला कसं वळवायचं, पाड्यावर कुणाचा शब्द चालतो, हे तास आशाताईंना द्या. वर्गात उभ्या राहू देत. तासाप्रमाणे मानधन मिळेल.

सबसेंटरवाली: म्हणजे वर्गात आली तरी कामागणिकच?