कोयीपासून वाढवलेला आंबा तसाच वाढू द्यावा की त्यावर कलम बांधावं? मदत हवी आहे

आमच्याकडे आजीने लावलेलं आंब्याचं एक झाड आहे. फळ मुठीएवढं, साल जाड, गर गडद केशरी, रेषा नावालाही नाही. कोयीजवळ किंचित आंबट लागतं आणि तीच त्याची ओळख. जातीचं नाव कुणालाच माहीत नाही, आम्ही त्याला 'आजीचा' म्हणतो. आता खोडाला भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागून अर्धं झाड वाळलंय, दोनच फांद्यांना पालवी येते.

४ वर्षांपूर्वी त्याच्या ५ कोयी ताज्या असतानाच वरचं टरफल काढून पेरल्या होत्या. तीन रुजल्या, एक रोप जगलं. ते आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. पान चुरगाळलं की थेट जुन्या झाडाचा वास येतो, म्हणून मी निर्धास्त होते. पण परवा एका जाणकारांनी सांगितलं की कोयीच्या झाडाचा भरवसा नसतो, फळ वेगळंच निघू शकतं. तेव्हापासून जिवाला चैन नाही. आणखी चार-पाच वर्षं थांबून फळ दुसरंच निघालं आणि तोवर जुनं झाड गेलेलं असलं, तर काय करायचं? एवढ्या मोठ्या रोपावर कलम होतं का? की नवीन कोय रुजवून सुरुवात करू?

प्रतिसाद १

ताई, आधी एक सांगा, कोयीतून एकच कोंब आला होता की दोन-तीन? काही आंब्यांच्या कोयीत एकापेक्षा जास्त भ्रूण असतात आणि त्यातले बहुतेक मूळ झाडाच्याच पेशींपासून तयार झालेले असतात. ती रोपं मूळ झाडासारखी निघतात. लिंबूवर्गातही हे दिसतं. एकच कोंब असेल तर मात्र त्यात निम्मा वाटा ज्या झाडाचे परागकण आले त्याचा. पानाच्या वासावरून फळाची चव कळत नाही.

धागाकर्ती

एकच होता. तिन्ही कोयींना एकेकच.

प्रतिसाद १

मग थांबू नका, जुन्या झाडाच्या काड्या हातात असेपर्यंत कलम करून घ्या. नवीन कोय रुजवायची गरज नाही, तुमचं रोप उत्तम खुंट आहे, म्हणजे ज्यावर जुन्या झाडाची काडी बांधायची ते मुळाचं झाड. सोटमूळ खोल गेलेलं असणार. मुख्य खोड अडीच-तीन फुटांवर छाटा. खाली धुमारे फुटतील, त्यातले चार-पाच जोमदार ठेवा आणि ते तांबूस, कोवळे असतानाच पाचर कलम बांधा, म्हणजे काडीचं टोक पाचरीसारखं तासून धुमाऱ्याच्या चिरेत बसवा.

काडी पेन्सिलीएवढी जाड, मोहोर न आलेली, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न उमललेला अशी हवी. कापण्याआधी ८-१० दिवस तिची पानं देठ ठेवून छाटायची. बोट लावताच देठ गळून पडले की काडी तयार. काडी धुमाऱ्यापेक्षा बारीक असेल तर निदान एका बाजूला तरी सालीला साल भिडली पाहिजे. मधोमध बसवलेली काडी हमखास वाळते. वर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, डोळा फुटेपर्यंत काढू नका. नंतर सांध्याखाली येणारी फूट वरचेवर खुडत राहा, नाहीतर खुंटच वरचढ होतो.

प्रतिसाद २

सगळं वरच्याप्रमाणेच करा, फक्त एक धुमारा कलम न करता राखा. कोयीचं झाड वाईटच निघतं असं नाही. फ्लोरिडातली 'हेडन' ही गाजलेली जात भारतातून गेलेल्या मुलगोबा जातीच्या कोयीच्या रोपातूनच मिळाली. ते १९०२ मध्ये लावलं होतं, पहिलं फळ १९१० ला आलं. त्या एका फांदीवर तुमच्या रोपाचं स्वतःचं फळही बघायला मिळेल.

धागाकर्ती

हे मला सुचलंच नव्हतं. दोघांचे मनापासून आभार. रोपाची छाटणी उद्याच करते. जुन्या झाडाच्या दोन फांद्यांवर मिळून आठ-नऊ काड्या निघतील असं वाटतं, म्हणून धुमारे आले की निम्म्याच वापरीन, बाकीच्या दुसऱ्या खेपेसाठी झाडावरच ठेवीन. पहिल्यांदाच बांधतेय, तेव्हा हात बसावा म्हणून तोवर छाटलेल्या फांद्यांवर पाचर कापायचा सराव करते.