हिशोबपट्टीचं अ‍ॅप मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर न्यावं का?

सातपूरकर
नाशकातल्या कांदा व्यापाऱ्यांची हिशोबपट्टी काढणारं पीएचपीचं जुनं अ‍ॅप, खाली मायएसक्यूएल 5.7 हा डेटाबेस. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर 2023 मध्येच संपला. हलायचंच आहे तर थेट पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जावं, असं माझं मत. क्वेरींतले बॅकटिक (नावांभोवतीची ` खूण) काढा, इफनल फंक्शनच्या जागी कोअलेस, ग्रुप कॉन्कॅटच्या जागी स्ट्रिंग अ‍ॅग. 'लिमिट 20, 10' चं 'लिमिट 10 ऑफसेट 20' करा. आकडे उलटतात, तेवढं सांभाळा. डेटा पीजीलोडर हे टूल नेतं, शून्य तारखांचं (0000-00-00) नल, म्हणजे रिकामी जागाही करतं.

पंचवटीकर
अहो, या सगळ्या बोंबलणाऱ्या चुका. बॅकटिक राहिला तर क्वेरी जागीच पडते, पाच मिनिटांत सापडते. महागात पडतात त्या मुक्या चुका. पट्टीची रक्कम 49,995, वजन 24 क्विंटल, दोन्ही रकाने इंटिजर, म्हणजे पूर्णांकाचे. सरासरी भाव मायएसक्यूएल देतं 2083.1250, पोस्टग्रेस देतं 2083. एरर नाही, वॉर्निंग नाही.
आता गावं बघा. 'निफाड' आणि शेवटी चुकून स्पेस पडलेलं 'निफाड ' 5.7 ला एकच वाटतं, पोस्टग्रेसला ही दोन गावं. गावनिहाय आवक दोन ओळींत फुटणार. नावं इंग्रजीत भरली असतील तर लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ वेगळाच. त्यापेक्षा मायएसक्यूएलच्याच 8.4 वर जा.

सातपूरकर
भागाकाराआधी रक्कम न्यूमेरिक (दशांश चालणारी) करून घ्या, गावांच्या नावांना डेटा नेण्यापूर्वीच ट्रिम मारा. स्पेस पडलेली नावं हा डेटातलाच कचरा आहे, मायएसक्यूएल फक्त झाकून ठेवतं. आणि 8.4 म्हणजे काय सरळ रस्ता आहे का? आधी 8.0, मग 8.4, मधली पायरी गाळता येत नाही. 'रँक' नावाचा रकाना 8.0 पासून राखीव शब्दात अडकतो. ग्रुप बाय केलं (ओळींचे गट पाडले) की ओळी आपोआप क्रमाने येणंही तिथेच बंद झालं. ऑर्डर बाय न लिहिलेले रिपोर्ट तपासावे लागणारच.

इंदिरानगर
भांडण मुक्कामावरून चाललंय, काम मात्र वाटेत आहे. कुठेही जा, आधी 5.7 च्याच टेस्ट कॉपीवर एसक्यूएल मोडमध्ये (क्वेरी कशा वाचायच्या, किती काटेकोर तपासायच्या ते ठरवणारी सेटिंग) अ‍ॅन्सी आणि स्ट्रिक्ट दोन्ही चालू करा. दुहेरी अवतरणातल्या स्ट्रिंग आणि अर्धवट ग्रुप बाय तिथेच पडतील. दोन उभ्या रेघा (||) मात्र आधी शोधून 'ऑर' करा, कारण या मोडमध्ये त्या गुपचूप जोडणी करू लागतात.
मोडने न सापडणारी गोष्ट ट्रान्झॅक्शनची, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या क्वेरींच्या गटाची. 'इन्सर्ट करून बघ, डुप्लिकेट आलं तर अपडेट कर' असा पीएचपी कोड मायएसक्यूएलवर बिनघोर चालतो. पोस्टग्रेसमध्ये पहिल्या एररलाच ट्रान्झॅक्शन बाद होतं, रोलबॅकपर्यंत पुढची प्रत्येक क्वेरी नाकारली जाते. तिथे 'ऑन कॉन्फ्लिक्ट' लिहा (डुप्लिकेट आलं तर काय करायचं ते इन्सर्टमध्येच सांगणं), नाहीतर सेव्हपॉइंट (मागे परतायची मधली खूण).

पंचवटीकर
मोडचं पटलं. पोस्टग्रेसला माझा विरोध मात्र कायम, निदान उन्हाळ कांद्याच्या आवकेत तरी. जायचंच असेल तर डेटा हाताने भरल्यावर सीक्वेन्स (पुढचा नंबर देणारा मोजणीदार) पुढे सरकवा, नाहीतर नवी पट्टी 1 नंबर मागेल आणि डुप्लिकेट की म्हणून अडकेल. जुन्या पट्ट्या दोन्हीकडे काढून हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम पैशापर्यंत जुळवा. नुसती ओळींची संख्या जुळली म्हणून मायएसक्यूएल बंद करू नका.