थोथ असताना सेशात कशासाठी?

नदीकाठ:
प्राचीन इजिप्तमधील लेखनाची देवता म्हणून थोथचे नाव सर्वत्र वाचायला मिळते. मंदिरांच्या भिंतींवर मात्र अंगात बिबट्याचे कातडे आणि डोक्यावर सात टोकांचे चिन्ह असलेली सेशात ही देवीही लेखणी घेऊन उभी दिसते. एकाच कामासाठी दोन दैवते का असावीत? जाणकारांनी कृपया सांगावे.

अश्मलेख:
दोघांची कामे पुष्कळदा एकमेकांत मिसळतात, तरी सेशातचा संबंध विशेषकरून मोजदादीशी आहे. अबुसीर येथे पाचव्या राजवंशातील साहुरे राजाच्या मंदिरात ती लिबियाहून आणलेल्या गुराढोरांची नोंद करताना कोरलेली आहे. पुढील काळातील शिल्पांत तिच्या हाती खजुराच्या झावळीची दांडी असते आणि त्या दांडीवर ती राजाच्या कारकिर्दीची वर्षे खाचा पाडून मोजते. नव्या मंदिराच्या पायाची आखणी करताना राजासोबत दोरी ताणणारीही तीच. मृताच्या हृदयाची तुला होताना निकाल लिहून घेण्याचे काम मात्र थोथचे आहे.

जुनी वही:
वरील उत्तरात एक भर घालावीशी वाटते. नोंदींचे मोल देवळापेक्षा कारागिरांच्या वस्तीत अधिक स्पष्ट दिसते. राजांच्या थडग्यांचे काम करणाऱ्यांच्या देर अल-मदिना या गावातील, दुसऱ्या रामसेसच्या 40व्या वर्षाचा, एक हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चुनखडीच्या त्या मोठ्या तुकड्यावर प्रत्येक कामगाराच्या नावापुढे गैरहजेरीचे दिवस काळ्या शाईत आणि कारणे तांबड्या शाईत लिहिली आहेत: कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे दुखत होते, कोणी बिअर गाळत होता. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या साध्या माणसांचे दिवस आपल्याला कळतात ते अशा नोंदींमुळेच, आणि म्हणून राजस्तुतीच्या शिलालेखांपेक्षा मला हा दगड अधिक मोलाचा वाटतो.

नदीकाठ:
दोघांचेही आभार. पण असे हजेरीपट मुकादमाच्याच सोयीचे नव्हते का? कामगाराला त्यांचा काय उपयोग?

जुनी वही:
हजेरीपट मुकादमाच्या सोयीचा होता हे खरे. परंतु त्याच गावात तिसऱ्या रामसेसच्या 29व्या वर्षी धान्याच्या रूपातील वेतन थकले, तेव्हा कामगार काम थांबवून मंदिरांपाशी जाऊन बसले. आणि भूक-तहानेपायी आम्ही येथे आलो, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजीपाला नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे लेखनिकाने पपायरसवर उतरवून घेतले. तो पपायरस आज तुरिनच्या संग्रहालयात आहे. कोणता हप्ता किती दिवस थकला, हे लिहून ठेवण्याची रीत असल्यामुळेच त्यांना आपली थकबाकी दिवसांच्या हिशेबाने मांडता आली.