नववीत ख्रिस्ती आणि ज्यू धर्म, कसं शिकवू?

कोथरूडची आई: लेकीला हा विषय आलाय, घरी कुणालाच फार माहिती नाही आणि नुसतं पाठांतर नकोय, सुरुवात कुठून करू?

रास्तापेठकर: ताई, दहा आज्ञांपासून करा, त्या दोघांच्याही आहेत. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे येशूने सांगितलं पण ते आधीच ज्यूंच्या धर्मग्रंथात, लेवीय १९:१८ मध्ये आहे, हे कळलं की मुलं खरंच विचार करायला लागतात.

कॅम्पवासी: फरकही सांगा, ज्यू येशूला मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार, मानत नाहीत. आणि शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, काम बंद, पण जीव वाचवायला शब्बाथ मोडायचाच, यावर तिला वाद घालू द्या!

अलिबागकर: पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, दाखवा, १८६७ चं आहे, आधी परवानगी काढा फक्त. आमच्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे, हेही सांगा तिला.